शाळेजवळचं घर

"गुड न्यूज आहे," म्हणतच डॉक्टर खोलीत आल्या. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचा रिपोर्ट आला होता. आसावरीला ओव्हरीचा नेहमीचा कॅन्सर नव्हताच. तो लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर होता, नुसत्या केमोने बरा होण्यासारखा. तिच्या नवऱ्याच्या, मुकुलच्या जिवात जीव आला. त्याने तिथूनच पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. "देव पावला रे बाबा!" म्हणत आई रडायलाच लागली.

त्याने फोन ठेवला. मग आसावरीने डॉक्टरांना विचारलं, "नुसत्या केमोने? म्हणजे ओव्हरीज काढायची गरज नव्हती?"

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "रक्तातला सीए-१२५ वाढला होता, म्हणून आम्ही ओव्हरीचाच कॅन्सर धरून चाललो. पण त्याच रक्ततपासणीत एलडीएच त्याहून कितीतरी जास्त वाढलं होतं. तेव्हाच लिम्फोमाची शंका यायला हवी होती. आधी सुईने तुकडा काढून तपासायला हवा होता. आय ॲम सॉरी."

मुकुलला आपलंच बोलणं आठवलं. "थांबायचं कशाला? दोन्ही काढून टाका," असा धोशा त्यानेच लावला होता.

परतताना गाडी टेक्सासमधल्या त्यांच्या गावात, फ्रिस्कोत शिरली तेव्हा आसावरी म्हणाली, "शाळेवरून नको ना नेऊस आज."

"बरं," मुकुल म्हणाला आणि शाळेच्याच रस्त्याला वळला. पुढे मुलं झाली की त्यांना चालत शाळेत जाता यावं म्हणून तिने हट्टाने घ्यायला लावलेल्या त्या घराकडे दुसरा रस्ताच नव्हता.