झोपाळ्यावरचा हत्ती

"कुणाचा विश्वास बसणार नाही," सहावीच्या बाई म्हणाल्या, "पण काल मधल्या सुट्टीत आपल्या मैदानात हत्ती आला होता."

वर्गाने गुमान माना डोलावल्या. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हे बाईंनीच गेल्या आठवड्यात शिकवलं होतं आणि ते पोरांच्या भलतंच अंगवळणी पडलं होतं. आजचा धडा होता न भांडता 'नाही' म्हणण्याचा; कुणीतरी खोडून काढावी म्हणूनच बाईंनी ही थाप मारली होती. खरं तर बाईंना तो एकाच मुलीसाठी शिकवायचा होता. ती खिडकीपाशी बसे. कुणी रंगपेटी मागो, कुणी जागा, ही मुकाट्याने देऊन मोकळी. वर्ष संपत आलं, पण तिच्या तोंडून 'नाही' म्हणून काही निघालं नव्हतं.

मग बाईंनी थापांना धरबंध ठेवला नाही. हत्तीने नळाला सोंड लावून गच्चीवरची टाकी रिकामी केली. उशिरा आला म्हणून मुख्याध्यापकांनी त्याला बाकावर उभा केला, आणि बाक काही मोडला नाही. पोरं तोंड दाबून हसत होती. खिडकीपाशी मात्र चिडीचूप.

"शेवटी त्याला झोपाळा हवा झाला," बाई खिडकीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "रांगेत पहिला नंबर हिचा. हिने तो हत्तीला हसत हसत देऊन टाकला."

खिडकीपाशी ती मुलगी उभी राहिली. कान लालबुंद झाले होते.

"बाई, राग मानू नका. हत्तीचं असेल खरं," ती म्हणाली, "पण हसत हसत दिला, हे साफ खोटं आहे. माझा नंबर मी हसत हसत कधीच देत नाही."