खालच्या फळीवरचा डबा

"खालचं आहे का?" कडेवरचं बाळ सावरत तिने विचारलं.

खालचं म्हणजे काउंटरखालच्या फळीवरचं, तारीख उलटलेलं. अर्ध्या भावात. त्याची पाटी कुठे नव्हती आणि मोठ्याने कुणी मागतही नसे. ज्याला लागायचं तो नुसता "खालचं" म्हणायचा आणि काकू वाकायच्या. दुकान नवऱ्याचं होतं, पण ती फळी काकूंची. फोडून स्वतः खाऊन बघितल्याशिवाय तिथलं एक बिस्कीट त्या विकत नसत.

"आहे की. बिस्किटं देऊ? चहा?"

"बाळाच्या दुधाची पावडर."

"ती खाली नसते गं."

"आहे. मगाशी तुम्ही साबण काढलात तेव्हा दिसली."

होतीच. तीन महिने उलटून गेलेला, एका बाजूने चेपलेला डबा. कंपनीला परत पाठवायला काढून ठेवलेला. काकूंनी तो पायाने अजून आत सरकवला.

"तो विकायचा नाही. वरचा ने. पैसे होतील तेव्हा दे."

"होतील तेव्हा म्हणजे कधी, हे माहीत असतं तर खालचं मागितलं असतं का?"

"बरं, मग निम्मेच दे. निम्मे माझ्याकडून, बाळाला."

"काकू, मी गिऱ्हाईक आहे." आवाज चढला नाही, पण तिचे कान लाल झाले. "द्यायचा नसेल तर तसं सांगा. कोपऱ्यावरचा दुकानदार देतोय. त्याच्याकडचा वर्षभर जुना आहे, पण तो इतकं बोलत नाही."

बाळाने आपलीच मूठ तोंडात कोंबली आणि चोखायला लागलं. ती वळली. एक पायरी उतरलीसुद्धा.

"थांब!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की वजनकाट्यावर झोपलेलं मांजर टुणकन उठलं. "आत एक असेल बहुतेक. महिनाभरच झालाय उलटून. तेवढा देईन मी."

ती थांबली. पण पायरीवरच.

काकू पडद्यामागे गेल्या. सकाळीच आलेलं खोकं अजून बांधलेलं होतं. नखांनी पट्टी ओरबाडून त्यांनी एक नवाकोरा डबा बाहेर ओढला. मग कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडला. त्यात तारखेचा शिक्का होता आणि नेलपॉलिश पुसायच्या पाण्याची बाटली. जुन्या मालावर नव्या तारखा मारायला नवऱ्याने कधीकाळी आणलेलं हे सामान. काकूंनी आठवडाभर अबोला धरला तेव्हा कुठे ते खणात गेलं होतं.

कापसाचा बोळा दोनदा फिरवला. डब्याच्या बुडावरची शेवटची तारीख गेली. शिक्क्याची चाकं गंजून घट्ट झाली होती. बाहेर बाळ रडायला लागलं. रडणं जवळ आहे की लांब चाललंय, याचा अंदाज घेत काकूंनी एकेक आकडा मागे फिरवला आणि शिक्का दाबला.

"आलीस ना शेवटी लायनीवर!" गोण्यांच्या आडून नवरा उगवला. "मी सांगत होतो तेव्हा तोंड फिरवून बसलीस."

"हळू बोला."

त्याने डबा उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अगं ए बाई! मागची मारलीस! गेल्या महिन्याची! चांगल्या मालाची माती केलीस की."

"कळतंय मला. द्या इकडे."

"डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाही. द्या."

"आणि हा असला नेणार कोण?" म्हणत त्याने पडदा बोटभर सरकवला. पायरीवर ती उभी होती, पाठमोरी, बाळाला थोपटत. तोंडाने गप्प गप्प करत होती आणि रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत होती.

डबा परत देताना नवऱ्याने ओल्या शाईवर एक फुंकर मारली.

"हा घे," काकू बाहेर येत म्हणाल्या. "दहा तारखेला गेलाय, गेल्या महिन्याच्या. खालचाच भाव."

तिने लगेच घेतला नाही. आधी चारी बाजूंनी बघितला. चेपलेला नव्हता. मग उलटा केला आणि बूड उजेडाकडे धरलं. ती बारीक अक्षरं वाचणारी बाई होती. काकूंना हे आधी सुचायला हवं होतं.

"काकू."

"काय गं?"

"हा डबा दहा तारखेला संपलाय."

"मग? सांगितलं ना मी."

"आणि वरच्या ओळीत लिहिलंय, भरलाय बावीस तारखेला. त्याच महिन्याच्या."

पडद्यामागे नवऱ्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट आला. तिने डबा काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतला. आता ती जाणार. आता ती त्या कोपऱ्यावरच्याकडे जाणार, आणि इथे पुन्हा पाऊल टाकणार नाही.

"छापणाऱ्याची चूक असेल," काकू कशाबशा म्हणाल्या.

तिची नजर काकूंच्या अंगठ्यावर गेली. अंगठा शाईने जांभळा झाला होता. काकूंनी तो मुठीत घेतला, पण उशीर झाला होता. बाळ आता रडायचंही थांबलं होतं. नुसतं डब्यावरच्या चित्राकडे बघत होतं.

"असेल," ती म्हणाली.

तिने खालच्या भावाचे पैसे काउंटरवर ठेवले, नीट, एकावर एक. डबा काखेत मारला. पायरी उतरली आणि तिथूनच, मागे न बघता, म्हणाली,

"पुढच्या वेळी दोन्ही तारखा बदलायला सांगा त्याला."