बादलीतून आलेला डबा

पहिला घास तोंडात गेला आणि प्रल्हाद चावायचाच थांबला. कालवण खारट झालं होतं. किंचित नव्हे, मिठाची अख्खी बरणी उपडी केल्यासारखं.

त्याने घास रुमालात काढला आणि वर पाहिलं. चार मजले उंचीवर, जहाजाच्या कठड्याशी, काशीनाथकाका मास्क हनुवटीखाली ओढून कौतुकाने खाली बघत होते. काका या जहाजावरचे स्वयंपाकी. मघाशी त्यांनीच दोराला बांधून बादली खाली सोडली होती. बादलीत खलाशांच्या तब्येतीचा कागद होता आणि कागदाखाली स्टीलचा डबा.

जहाजावरून कागदाखेरीज काहीही घ्यायचं नाही, असा साथीमुळे मार्चपासूनचा नियम होता. पण जहाज मेलबर्नला लागलं की बंदरातल्या एजंटच्या माणसाला, म्हणजे प्रल्हादला, कोलंबीचं कालवण आणि भात पाठवायचा, हा काकांचा चार वर्षांचा शिरस्ता. नियमापेक्षा शिरस्ता जुना. डबा घरी न्यायची सोय नव्हती. वेरिबीला घरी बायकोला, चित्रलेखाला, सातवा महिना होता आणि जहाजावरची टाचणीही तिला घरात चालत नव्हती. म्हणून स्वारी धक्क्यावरच, व्हॅनच्या बॉनेटवर डबा मांडून, गार वाऱ्यात उभ्याउभ्या जेवायला लागली होती.

फोन वाजला. काका वरून बोलत होते.

"कसं झालंय रे?"

"झकास," प्रल्हाद म्हणाला, आणि त्याने डब्यावर झाकण ठेवलं.

काकांनी मीठ कधी चाखून बघितलं नव्हतं. नुसत्या वाफेच्या वासावरून ते मीठ सांगत आणि त्याची फुशारकीही मारत. अशा माणसाच्या हातून हे व्हावं कसं? उत्तर त्याला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी टीव्हीवर तेच तर सांगत होते: आधी वास जातो, मग चव.

त्याने कागद पुन्हा वाचला. बावीस नावं. प्रत्येकापुढे ताप नाही, खोकला नाही. वासाचा रकाना त्या कागदात नव्हताच.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इतकं मीठ खाल्ल्यावर कसं जागायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.

"वी राइट, मेट?"

निघायचं का, असं विचारत शिडीच्या पायथ्याशी फोरमन उभा होता. त्याच्यामागे आठ माणसं, हेल्मेट घालून, हातात लोखंडी गज घेऊन. कंटेनरचे बांध सोडायला ती वर जाणार होती, चार तास जहाजावर फिरणार होती आणि संध्याकाळी आपापल्या घरी जेवायला बसणार होती. कागद बघून प्रल्हादने अंगठा वर केला, की निघायचं. त्याने बोटाने खूण केली, एक मिनिट.

अंगठा वर केला नाही, तर जहाज परत समुद्रात जाऊन नांगर टाकणार. दोन आठवडे, कदाचित चार. आणि काका उद्या उतरणार होते. चौदा महिन्यांनी. तिकिटासाठी प्रल्हादनेच पन्नास मेल लिहिले होते. दाभोळला शांताकाकूंनी ओटा सारवून ठेवल्याचं काकांनी सकाळी दोनदा सांगितलं होतं.

प्रल्हाद घाबरला. जिभेवरचं मीठ जाईना म्हणून त्याने पाण्याची बाटली रिकामी केली, चूळ भरली, पुन्हा भरली. मग स्वतःची समजूत घालू लागला. घरी जायच्या आनंदात मीठ दोनदा पडलं असेल. हात चुकतो माणसाचा. आणि समजा काकांना झालं असलंच, तरी एकटे काकाच ना? त्यांना सांगू, केबिनमधून बाहेर पडू नका. उद्या उतरले की थेट डॉक्टरकडे. वरच्या एखाद्याने जरी जेवताना खारट म्हणून आरडाओरडा केला असेल, तर बाकीचे ठणठणीत आहेत. कॅप्टन तर नक्कीच ओरडला असेल. मीठ जरा इकडचं तिकडे झालं की ताट परत पाठवणारा माणूस तो. काका प्रत्येक खेपेला त्याच्या नावाने बोटं मोडायचे.

"काका," त्याने फोनवर विचारलं, "आज वर सगळ्यांना हेच होतं का जेवायला?"

"हेच. एकाच टोपातलं. का रे?"

"कॅप्टनसाहेब काही बोलले?"

उत्तर येईपर्यंत प्रल्हादने मनातल्या मनात हात जोडले. ओरडले म्हणा, काका. ताट भिरकावलं म्हणा.

काका मोकळं हसले. "तेच तर सांगणार होतो तुला. चकार शब्द नाही. दोनदा वाढून घेतलं त्यांनी. आणि पोरांनी तर टोप चाटूनपुसून साफ केला. बावीस माणसं जेवली, पण चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणी नाव ठेवलं नाही बघ."

प्रल्हादने कागदावरच्या बावीसही नावांवरून नजर फिरवली. फोन कानालाच राहिला.

समोर फोरमनचा धीर सुटला होता. त्याने प्रल्हादकडे बघत स्वतःच अंगठा वर केला, भुवया उंचावल्या आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

प्रल्हादने हात वर केला. पाचही बोटं पसरून, तळवा पुढे करून, जितका उंच जाईल तितका. फोरमन थांबला. मागची माणसं थांबली.

वर काकांना वाटलं, पोरगा निरोप घेतोय. त्यांनी हसत हात हलवला. मग कठड्याशी आलेले आणखी चार-पाच खलाशीही हात हलवू लागले.