अकरा पावलं

“डोळे मिटा,” बेडकी म्हणाली.

हॉस्पिटलच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसलेल्या सरांनी डोळे मिटायचे सोडून वटारले. तीस वर्षं पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभं राहून हेच दोन शब्द त्यांनी शेकडो पोरांना ऐकवले होते. त्यांनाच ते ऐकवणारं कुणी अजून जन्माला यायचं होतं. बेडकीही त्याच पोरांतली. पाय झाडत पोहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सरांनीच तिला हे नाव दिलं होतं. आता ती दोन मुलांची आई होती, कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. पण सरांच्या लेखी बेडकी ती बेडकीच.

तिने पर्समधून स्टॉपवॉच काढलं आणि त्यांच्या उजव्या हातात दिलं. डाव्या हातात काही द्यायची सोय सहा आठवड्यांपूर्वी संपली होती. डावा पायही त्याच दिवशी, त्याच अर्धांगाच्या झटक्याने गेला होता.

दहा वाजता फिजिओ येणार होती. पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत अकरा पावलं. काठी चालेल, पण कुणी धरायचं नाही. तेवढं जमलं तर शनिवारी घरी. नाही जमलं तर मुलाने एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. “बाग आहे हो बाबा तिथे,” असं तो तीनदा म्हणाला होता. सरांना बागेचं काय डोंबलाचं कौतुक! आणि काल तर चौथ्याच पावलाला गुडघा वाकला होता. फिजिओ आणि नर्सने मिळून वरच्या वर झेलून त्यांना पलंगावर ठेवलं होतं. आजची परीक्षा शेवटची होती.

“इथून भिंतीपर्यंत जायचं. मनात,” बेडकी म्हणाली. “निघताना बटण दाबा. पोचलात की पुन्हा दाबा.”

“मला शिकवतेस?”

“हो.”

सरांनी डोळे मिटले. टक. थोड्याच वेळात पुन्हा टक.

बेडकीने आकडा पाहिला. “नऊ सेकंद.”

“मग?”

“हे पाय कुणाचे होते, सर?”

हा प्रश्न त्यांचाच होता. चौदा वर्षांची बेडकी बाकावर डोळे मिटून शर्यत पोहली होती आणि सगळे विक्रम मोडून बसली होती, तेव्हा त्यांनी अख्ख्या तलावासमोर हेच विचारून तिची हजेरी घेतली होती. “मनात मांडे खायचे तर खा गं बाई, पण भाजायला लागतो तेवढा वेळ तरी लागू दे!” पोरं आठवडाभर हसत होती.

“डावा पाय बरोबर घेऊन चला,” ती म्हणाली. “आणि मध्ये काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत. बुडालात तरी भिंतीला हात लावूनच बाहेर. नियम तुमचा आहे, माझा नाही.”

सर पुन्हा निघाले. या खेपेला डावा पाय होता, भिजल्या पोत्यासारखा. आधी काठी, मग तो, मग उजवा. एक. दोन. तीन. चौथ्याला गुडघा वाकला आणि सर खाली गेले. गाल फरशीला टेकला. फरशी गार होती. डोळे उघडावेत आणि सुटावं, असं वाटलं. पण समोर बेडकी बसली होती. तिच्यादेखत नियम मोडायचा? मेलो तरी नाही. सर बराच वेळ फरशीवरच बसून राहिले. मग उजवा गुडघा टेकला, काठी रोवली, उठले, आणि भिंतीपाशी पोचले.

“सहा मिनिटं,” बेडकी म्हणाली. “आता कसं! पुन्हा.”

तिसऱ्या खेपेलाही ते तिथेच पडले. उठून भिंतीजवळ येतायत तोच दार उघडलं.

“आजोबा झोपले वाटतं?” फिजिओने विचारलं.

“छे. चालतायत,” बेडकी म्हणाली. “दोन पावलं राहिली असतील. थांबा जरा.”

फिजिओने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती थांबली.

मग खरी पाळी आली. स्टॉपवॉच बेडकीकडे गेलं. सर काठीवर उभे राहिले. काठी, डावा, उजवा. एक. दोन. तीन. चौथ्याला गुडघा वाकला. फिजिओ झेपावली.

“हात लावू नका!” सर ओरडले. “माझ्या ओळखीची जागा आहे. इथे मी सकाळपासून दोनदा पडलोय.”

“दोनदा?” फिजिओचा चेहरा पांढराफटक पडला. “मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

सरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काठी रोवली, भार उजवीकडे घेतला आणि तसेच उभे राहिले. हळूहळू गुडघा सरळ झाला. पाचवं पाऊल पडलं. पुढची पावलं इतकी बारकी पडली की अकराची चौदा झाली. पण भिंत आली. सरांनी काठी काखेत धरली आणि उजव्या हाताचा अख्खा पंजा भिंतीला लावला.

“वेळ?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

सरांनी सावकाश मान वळवली. बेडकीचा अंगठा बटणावर होता, आणि ती घळाघळा रडत होती. स्टॉपवॉचवर नुसती शून्यं होती.

“बेडके, दाबलंच नाहीस?”

“राहूनच गेलं, सर,” ती म्हणाली.

सरांनी पलंगाकडे पाहिलं. तोही अकरा पावलांवरच होता.

“पुन्हा,” ते म्हणाले आणि त्यांनी काठी पुढे टेकवली.