छत्रीवाला

"छातीला हात न लावता हृदयाचं भोक बुजवतोस? अरे, हवेतून अंगारा काढणारे पुष्कळ पाहिलेत मी!" टेबलावर पडल्यापडल्या मनूताई आठल्ये फणकारल्या.

मनूताई कीर्तनकार. नारदाच्या गादीवरून त्यांनी जन्मभर भोंदू बुवांची सालटी काढलेली. पण हल्ली एका अभंगात दोनदा खाली बसावं लागे, इतका दम लागायचा. त्यात फुप्फुसं थकलेली. छाती उघडली तर बाई उठणार नाहीत, असं सांगून मोठ्या सर्जननं हात वर केले. उरला हा पोरसवदा डॉक्टर. म्हणे, मांडीच्या शिरेतून तार नेतो आणि भोकात जाळीची इवलीशी छत्री उघडतो!

"छत्रीवाला मेला," त्या पुटपुटल्या. भूल मांडीपुरतीच होती. जीभ मोकळी होती.

पडद्यावर छत्री उघडली. नर्स म्हणाली, "बसली, सर! तारेवरून सोडायची ना?"

"थांबा." त्यानं तार हलकेच ओढून पाहिली. छत्री भोकातून सटकून तारेवर लोंबू लागली.

आता हा म्हणणार, तुमचं पूर्वकर्म आडवं आलं, तुमची श्रद्धाच कमी पडली. सगळे बुवा हेच म्हणतात. मनूताईंनी ओठ मुडपले.

"आजी, माझा अंदाज चुकला. लहान पडली. ही काढून मोठी बसवतो."

इतक्या बुवांना झोडपलं, पण 'चुकलो' म्हणणारा त्यांना एकही भेटला नव्हता.

"बसवा, डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "आणि तीही ओढून बघा हं."