तिसऱ्या उदाहरणाचं उत्तर

इंटरनेटच्या सर्चमध्ये ब्लॉग वर यावेत म्हणून ते तपासणारं एक टूल होतं. त्याच्या माहितीपुस्तिकेला गुण द्यायचं काम तिच्याकडे आलं. पुस्तिका वाचून एआय एजंट, म्हणजे आपणहून काम करणारे प्रोग्रॅम, ते टूल चालवणार होते, म्हणून प्रत्येक उदाहरण तिने स्वतः चालवायचं आणि छापलेलं उत्तर येतं का ते बघायचं.

तिसऱ्या उदाहरणातला ब्लॉग तिच्या नवऱ्याचा निघाला. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याचा शेवटचा लेख अर्धवट राहिला होता.

पुस्तिकेत त्या लेखाचे शब्द होते २४०. टूलने दाखवले २१२. चूक पुस्तिकेची, म्हणून तिने एक गुण कापला आणि खात्रीसाठी पुन्हा चालवलं. २१९.

तिने नणंदेला फोन लावला.

"ताई, ह्यांच्या ब्लॉगवर तुम्ही काही लिहिताय का?"

"मी कशाला लिहू? अगं, पासवर्ड तो कुणाला सांगून गेलाय?"

तिने पुन्हा बटण दाबलं. २२६. मग २३३. तो असाच लिहायचा, थोडंथोडं, थांबत थांबत.

फोन कानाशी धरूनच तिने पुस्तिकेतली पुढची ओळ वाचली. त्याच लेखाचे लेखक दोन. टूल मात्र एकच दाखवत होतं.

"अगं, बोल ना," नणंद म्हणाली.

या वेळी तिने बटणाला हातही लावला नव्हता. शब्द २४० झाले. आता फक्त लेखकांचा आकडा जुळायचा राहिला होता.