कडेची खडी

"माती सगळी काढणार ना?" बाईंनी विचारलं.

"बाई, घरचं काम समजून करतोय," कंत्राटदार म्हणाला आणि त्याने छातीवर हात ठेवला. हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत असे, छातीवरच्या हातासकट.

परसातली माती चिकण होती. पाणी प्यायली की फुगायची, उन्हात वाळली की तडकायची. अशा जमिनीवर बास्केटबॉलचं कोर्ट घालायचं तर आधी ती माती खोलवर उपसायची, खडी भरून रोलर फिरवायचा आणि मगच वर काँक्रीट ओतायचं. बाईंना हे ठाऊक होतं, त्यांनी जन्मभर शाळेत खेळ शिकवला होता. कंत्राटदारालाही ठाऊक होतं, पण एवढी माती उपसणं त्याच्या जिवावर यायचं.

त्याची पद्धत वेगळी होती. चारी कडांना खोल चर खणायचा आणि त्यात खडी ठासून भरायची. मधे मात्र मातीवरच खडीचा पातळ थर पसरायचा. गिऱ्हाईक कडेला उभं राहतं, वाकून चर बघतं आणि खूश होऊन घरात जातं. इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक मधे जाऊन बघायला आलं नव्हतं.

शाळेतलं कोर्ट याच माणसाने घातलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात ते मधोमध फुगलं, उन्हाळ्यात तडकलं, आणि त्या भेगेवर उडी मारून उतरताना बाईंच्या लेकीचा गुडघा गेला. संघात निवड झालेली पोर ती. नंतर तिने चेंडूला हात लावला नाही. आजही जिना उतरताना ती कठडा धरते. चौकशीत कंत्राटदार बिनदिक्कत म्हणाला होता, "पोरगीच वेंधळी असेल." पुढे ते कोर्ट उखडलं तेव्हा बाई मुद्दाम जाऊन उभ्या राहिल्या. कडेला खडी होती आणि मधे नुसती माती. त्या दिवशी बाईंच्या मनात जो राग बसला तो पुढे कमी झाला नाही, उलट मुरत गेला.

कंत्राटदाराने त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि शाळेत तरी त्याने बाईंकडे धड कधी पाहिलं होतं?

लेकीला फोनवर कळलं तेव्हा ती चिडली. "आई, जगात दुसरा कंत्राटदार नव्हता का?"

"नव्हता," बाई म्हणाल्या.

काम सुरू झालं. बाई रोज मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. घरात आवराआवर चालली होती. कपाटं रिकामी, भिंतींवरचे फोटो उतरवलेले, चहाचे कपसुद्धा कुठल्याशा खोक्यातून शोधून काढावे लागत. रंग द्यायचा असेल, असं कंत्राटदाराने परस्पर ठरवून टाकलं. चहा वेळेवर मिळत होता, तेव्हा त्याचं काही अडत नव्हतं.

चहाबरोबर त्याच्या गप्पांना ऊत येई. त्याचा सगळा जीव परगावच्या नातीत होता. ती चेंडू उशाशी घेऊन झोपते म्हणे. जावयाची बदली इकडे झाली की तिला रोज डोळे भरून बघायचं, एवढंच आता त्याचं मागणं होतं. बाई मन लावून ऐकत.

"तुमच्याकडे कोण खेळणार?" त्याने एकदा विचारलं.

"आहे एक मुलगी. लहान आहे."

बाईंची नात, दुसरं कोण, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

कडा भरून झाल्या तेव्हा बाई वाकून बघायला आल्या. छान झालंय म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि मधे?"

"मधेही असंच."

"बघा हं. अजून काँक्रीट ओतलेलं नाही. पोर उड्या मारणार आहे त्यावर."

"बाई, घरचं काम आहे हे," तो हसून म्हणाला.

बाई आत गेल्या आणि त्यांनी एक कोरी कुदळ आणून ओट्याच्या कोपऱ्यात उभी केली. ही कशाला, असं त्याने विचारलं. लागेल, असं त्या म्हणाल्या. म्हातारीला बागकामाची हौस दिसते, असं त्याला वाटलं.

काँक्रीट पडलं, वाळलं, पांढऱ्या रेघा आल्या, खांबावर जाळी चढली. बाईंनी त्याला रविवारी सकाळी बोलावलं. कोर्टावर पहिला चेंडू पडायच्या आधी चार माणसांसमोर तुमचं काम दाखवायचंय, असं म्हणाल्या. तो खुशीत गेला.

शनिवारी लेकीचा फोन आला. "सगळ्यांसमोर ते कोर्ट फोडणार आहेस ना? आई, त्याची अब्रू घेऊन माझा गुडघा नीट होणार नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मी कुदळ चालवणार नाही," बाई म्हणाल्या आणि उरलेली खोकी बांधायला लागल्या.

रविवारी कंत्राटदार इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सवयीने कोर्टाच्या कडेला उभा राहिला. बाईंशिवाय कोणीच आलेलं नव्हतं. तो काही विचारणार तोच फाटकाशी गाडी थांबली. एक मुलगी चेंडू आपटत धावत आली आणि थेट कोर्टाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आजोबा!" ती ओरडली.

तिच्यामागून कंत्राटदाराची मुलगी आणि जावई हसत हसत आत आले. "बाबांना पत्ता लागू दिला नाहीत ना, बाई?" मुलगी म्हणाली. मग ती वडिलांकडे वळली. "आम्ही हे घर घेतलंय, बाबा. बाईच म्हणाल्या, पोरीला कोर्ट हवंय तर ते तिच्या आजोबांच्याच हातचं होऊ दे. आता रोज इथेच खेळेल ती."

नातीने मधोमध उंच उडी मारली. कंत्राटदाराची नजर तिच्या पायांखाली गेली. बाई ओट्यावरून उतरल्या. त्यांनी घराची किल्ली त्याच्या मुलीच्या हातात ठेवली, आणि कुदळ त्याच्या.